आखूड वर, लांब बाहेर

चौतीस वर्षांत माझ्या हातचं पार्सल एकदाही फुटलं नाही. झाशी स्टेशनच्या पार्सल ऑफिसात मी कारकून म्हणून लागलो आणि तिथूनच रिटायर झालो. मऊरानीपुरच्या कापडाचे गठ्ठे, शिलाईची मशिनं, लोणच्याच्या बरण्या, एकदा तर एका कर्नलसाहेबांचा पियानो, सगळं माझ्या नजरेखालून गेलं. लोंबती सुतळी दिसली की माझं डोकं फिरायचं. टोक लोंबलं की ते कुठेतरी अडकतं, गाठ सैल होते, आणि मग पुढच्या स्टेशनावरून बोंब येते. हमाल माझ्यामागे मला 'कैंची बाबू' म्हणायचे. मला ते ठाऊक होतं आणि खोटं कशाला बोलू, आवडायचंही.

खिशात घडीची कात्री कायम असायची. कापलेली सुतळी मात्र मी कधी फेकली नाही. गाठीखाली कात्री घालायची, दोरा सबंध ओढून काढायचा, बोटाला गुंडाळायचा आणि डब्यात टाकायचा, पुन्हा कामाला येतो. घरात असे तीन डबे होते. कुसुम म्हणायची, "माझं माहेरचं सोनं एका डबीत मावतं आणि तुमच्या सुतळ्यांना तीन डबे!"

हे आधी सांगतोय, कारण पुढे जे झालं ते याच सवयीनं झालं. दुसऱ्या कुणाच्या हातून झालंच नसतं.

कुसुम म्हणजे कुसुमावती, माझी बायको. तिचं माहेर खंडेराव गेटच्या आतलं, अडीचशे वर्षांपासून झाशीत असलेलं. माझे वडील रेल्वेबरोबर भुसावळहून आलेले, त्यामुळे तिच्या माहेरी आम्ही कायमचे 'कालचे'. ती कपाटाला फडताळ म्हणायची आणि भाजीवाल्याशी बुंदेलीत भांडायची. माझ्यावर चिडली की मात्र शुद्ध मराठीत यायची, इतकी शुद्ध की आमच्या कांचनला अर्धी कळायचीच नाही. कांचन आमची एकुलती एक मुलगी. भोपाळला बँकेत आहे.

दोन हजार सोळाच्या दिवाळीनंतर कुसुमच्या डाव्या छातीत गाठ लागली. लिंबाएवढी, खालच्या अंगाला. सुईनं तपासलं. कॅन्सर निघाला. त्या दिवशी ती रडली नाही. स्वयंपाकघरात जाऊन तिनं कुकर लावला, परत आली आणि एकच वाक्य बोलली.

"मला चिंधी भरायची नाही."

ती कशाबद्दल बोलतेय हे मला लगेच कळलं. तिची थोरली बहीण इंदू मऊरानीपुरला दिली होती. दहा वर्षांपूर्वी तिला हाच आजार झाला आणि तिची एक छाती पूर्ण काढली. इंदू ब्लाउजमध्ये जुन्या लुगड्याची गुंडाळी भरायची. पुतण्याच्या लग्नात वाढताना ती वाकली आणि गुंडाळी घसरून भर पंगतीत पडली. "मौसी, आपका कुछ गिर गया," असं म्हणत कुणीतरी ती उचलून तिच्या हातात दिली. बिचाऱ्याला ते काय आहे हे माहीतही नसणार. त्यानंतर इंदू कुठल्याच लग्नाला गेली नाही आणि दोन वर्षांत तिला नेण्याचीच वेळ आली. कुसुम त्या पंगतीत तिच्या शेजारीच वाढत होती.

सिविल लाइंसमध्ये डॉक्टर जयसिंग म्हणून एक तरुण सर्जन नवीनच आले होते. मुंबईला शिकून, तिथली नोकरी सोडून वडिलांसाठी झाशीला परतलेले. त्यांनी कागद तपासले आणि म्हणाले, "आंटी, पूरा निकालने की ज़रूरत नहीं."

गाठ आणि तिच्या भोवतीचा थोडा भाग काढायचा, बाकी छाती राखायची. मध्ये जो खड्डा पडेल तो पाठीवरच्या स्नायूनं भरायचा. तो स्नायू तोडून वेगळा करायचा नाही, त्याची रक्ताची नळी तशीच ठेवायची, काखेखालून कातडीच्या आतून पुढे वळवायचा आणि खड्ड्यात बसवायचा. नंतर शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचे. कुसुम कान देऊन ऐकत होती.

"म्हणजे सीधे पल्ले जैसा," ती म्हणाली. "पीछे का आगे ले लिया."

आम्ही मराठी बायकांचा पदर मागे सोडणारी माणसं. इकडच्या बायका तो पाठीवरून पुढे घेतात. डॉक्टर हसले. "बिलकुल वैसा ही, आंटी." मलाही हसू आलं. त्या महिन्यात घरात कुणी हसल्याची ती पहिलीच वेळ होती.

पुढचं मी ऐकलं नाही. बाहेर काउंटरवरच्या पोरीनं फॉर्मवर 'कुसुमलता' असं नाव घातलं होतं, ते मला दारातूनच दिसलं. मी उठलो आणि तिच्याशी पंधरा मिनिटं हुज्जत घातली. नाव चुकलं की माल चुकतो, हे मी तिला तीन वेळा सांगितलं. मी परत आलो तेव्हा डॉक्टर एका कागदावर गोल काढून कुसुमला काही समजावत होते आणि ती मान डोलावत होती. रिक्षात ती म्हणाली, "अहो, त्या दोऱ्यांची एक गंमत आहे, कापलेल्या तुकड्याला ते..." माझं डोकं अजून त्या फॉर्ममध्येच होतं. "काय मेलं शिकवतात या पोरींना!" असं काहीतरी मी बोललो. तिचं वाक्य अर्धंच राहिलं. मी तिला पुन्हा विचारलं नाही.

ऑपरेशन सकाळी झालं, चार तास चाललं. डॉक्टर बाहेर आले ते खुशीत होते. छान बसलंय म्हणाले. आता काढलेला तुकडा तपासायला जायचा होता. त्याच्या कडा स्वच्छ निघाल्या तर झालं, छाती वाचली. एखाद्या कडेला आजार सापडला तर त्या बाजूची आणखी एक पट्टी काढावी लागेल, पण तेवढीच. डॉक्टरांचा भरवसा ग्वाल्हेरच्या एका लॅबमधल्या बाईंवर होता आणि तुकडा तिकडे पोचवणारा डॉक्टरांचा नेहमीचा माणूस त्या दिवशी तापानं पडला होता.

"मी नेतो," मी म्हणालो.

"अंकल, आप आंटी के पास रहिए. किसी और को भेज देंगे."

"चौंतीस साल पार्सल में रहा हूँ, डॉक्टरसाहब. एक नग नहीं टूटा."

ते हसले आणि तयार झाले. सिस्टरनं प्लॅस्टिकची एक रुंद तोंडाची बरणी, वर बंद पाकीट, असं माझ्या हातात दिलं. "खोलिएगा मत," एवढंच ती म्हणाली. तिला वाटलं असेल, कोण कशाला उघडतंय.

गाडीत खिडकीशी जागा मिळाली. बरणी पिशवीत, पिशवी मांडीवर. दतिया स्टेशन गेलं आणि शेजारचा माणूस नाक दाबून इकडेतिकडे बघायला लागला. मलाही वास आला, डोळ्यांत झोंबणारा. पिशवीचा तळ ओला झाला होता. मी बरणी बाहेर काढली. झाकणाखालून काळा रेशमी दोरा बोटभर बाहेर लोंबत होता. तो आट्यात अडकला होता, म्हणून झाकण नीट बसलंच नव्हतं.

काय मूर्ख पॅकिंग आहे, हेच माझ्या मनात आलं. खरंच हेच. आत माझी बायको आहे हे नाही आलं.

मी संडासात गेलो, दार लावलं आणि झाकण काढलं. दोरा आत ढकलला तर तो ताठ होऊन परत वर यायचा. एक नव्हे, दोन होते, एक लांब आणि एक आखूड. मी लांब दोरा धरला तर त्याच्याबरोबर तो तुकडा औषधाच्या पाण्यातून वर आला. पिवळट, मऊ. मी तो पटकन खाली सोडला आणि मग हातानं आपलं नेहमीचं काम केलं. लांबाच्या गाठीखाली कात्री घातली आणि दोरा गाठीसकट सबंध काढला. मग आखुडाचाही काढला. दोन मिनिटांचं काम. झाकण घट्ट बसलं. थेंब गळेना. दोन्ही दोरे बोटाला गुंडाळून मी खिशात टाकले आणि जागेवर येऊन बसलो. शेजाऱ्याला म्हणालोसुद्धा, "ठीक कर दिया."

संध्याकाळच्या आत बरणी ग्वाल्हेरला पोचती केली, पावतीवर सही घेतली, रात्रीच्या जेवणाला परत कुसुमजवळ. ती ग्लानीत होती. "पोचलं का?" तिनं विचारलं. "तर काय!" मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर तिच्या खाटेपाशी आले. मोबाइल हातात, बोलणं अर्धवट थांबवून आलेले.

"अंकल, जार रास्ते में खुला तो नहीं था? लैब वाली मैडम कह रही हैं कि टुकड़े पर धागे नहीं हैं. मैंने दो बाँधे थे. छोटा ऊपर का, लंबा बाहर का. उसी से पता चलता है कि कौन-सा किनारा किधर का है. वो काटने से पहले पूछ रही हैं."

ते पॅकिंग नव्हतं. तो पत्ता होता. चौतीस वर्षं मी लोकांना पत्त्यावरून झापलं आणि बायकोचा पत्ता गाडीच्या संडासात कापून टाकला.

अजूनही वेळ होता. बाईंनी तुकडा कापला नव्हता. मी म्हणालो असतो की मी काढले, परवानगी द्या, आत्ता ग्वाल्हेरला जातो, लांब दोरा कुठे होता ते कदाचित आठवेल, सुईचं भोक कदाचित सापडेल. एवढंच बोलायचं होतं.

"सवाल ही नहीं," मी म्हणालो. "जैसा दिया, वैसा पहुँचाया."

का? मी स्वतःला हजारदा विचारलंय. डॉक्टर तिथे उभे होते, सिस्टर उभी होती, कुसुम बघत होती, आणि आदल्याच दिवशी मी चौतीस वर्षांची बढाई मारली होती. यापेक्षा मोठं कारण नाही. असतं तर बरं झालं असतं.

डॉक्टर मोबाइलवर म्हणाले, "नहीं मैडम, यहाँ से तो ठीक ही गया है," आणि चिडूनच बाहेर गेले. कुसुमनं डोळे मिटून घेतले.

दहा दिवसांनी रिपोर्ट आला. डॉक्टरांनी कागदावर गोल काढला, कडेवर एका ठिकाणी पेन टेकवलं.

"एक किनारे पर बीमारी है. बस एक जगह. पर यह किनारा ऊपर का है, नीचे का है, अंदर का है, मैं नहीं बता सकता."

त्यांनी समजावून सांगितलं. बाजू माहीत असती तर तेवढीच पट्टी काढली असती. आता सगळ्या बाजूंनी काढायचं तर आत बसवलेला स्नायू उचलायचा, चारी बाजूंनी कापायचं, मग उरणार काय? आणि आजार आत ठेवून शेक देणं त्यांच्या मनाला पटेना. छाती पूर्ण काढणं हाच एक रस्ता उरला होता.

कुसुमनं बराच वेळ त्या गोलाकडे पाहिलं. मग तिनं विचारलं, "पीठ का वापस पीठ पर लग सकता है?"

"नहीं, आंटी."

"अच्छा," ती म्हणाली.

दुसरं ऑपरेशन झालं. यावेळी बरणी दुसऱ्याच लॅबला गेली, ग्वाल्हेरच्या बाईंकडे डॉक्टरांनी काम पाठवणं बंद केलं होतं. धागे तिथेच हरवले असं ते धरून चालले होते. बाईंची काही चूक नव्हती. मला ते माहीत होतं आणि मी तेही गिळलं. माणूस एकदा गिळायला लागला की पुढचं आपोआप उतरतं.

त्या रिपोर्टात काय निघालं ते डॉक्टरांनी मला एकट्याला सांगितलं. खालच्या आतल्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढा आजार. बाकी सगळं साफ.

"एक पट्टी निकालनी थी बस," ते म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. मी जिना उतरलो, बाहेर रसवंतीच्या गाड्याशी उभा राहिलो आणि एक ग्लास रस प्यायलो. का प्यायलो ते मला माहीत नाही.

मग औषधांचे सहा कोर्स, मग शेक. केस गेले, चव गेली. पुढे छाती गेली होती आणि मागे पाठीवर वीतभर व्रण, ब्लाउजची कड नेमकी त्यावरच टेकायची. दोन्हीकडून कापली गेली आणि हाती काही लागलं नाही. डावा हात खांद्याच्या वर जाईना. फडताळातल्या वरच्या डब्यांसाठी ती मला हाक मारायची. मी धावत जायचो. मी त्या काळात इतका चांगला वागलो की शेजारच्या बायका आपापल्या नवऱ्यांना माझं उदाहरण द्यायच्या. कुसुमनं ते ऐकलं की ती दुसरीकडे बघायची.

शेक संपून वर्ष झालं आणि तिची पाठ दुखायला लागली. स्नायू काढला तिथेच दुखतंय असं आम्ही धरून चाललो. तसं नव्हतं. आजार मणक्यात गेला होता. डॉक्टर जयसिंग यांनी फिरवून बोलणं केव्हाच सोडलं होतं. आता दुखणं कमी ठेवायचं, एवढंच हातात आहे म्हणाले.

मी त्यांना बाहेर गाठलं. "डॉक्टरसाहब, वो धागे वाली बात से हुआ क्या यह?"

"नहीं, अंकल. उससे कोई लेना-देना नहीं. यह शायद पहले दिन से ही हड्डी में बैठा था, दिखा नहीं. आप मन में मत रखिए."

त्यांना वाटलं, त्यांनी माझी समजूत घातली. मी घरी येईपर्यंत हिशेब लावत होतो. म्हणजे ती जाणारच होती. मी काही केलं नसतं तरी जाणार होती. सबंध गेली असती, एवढाच फरक.

माघातली दुपार होती. अंगणात उन्हात बाज टाकून कुसुम बसली होती, पाठीला दोन उशा. मांडीवर पांढऱ्या मलमलीचा तुकडा, वाटीत मोहरी. दवाखान्यातून मिळालेली स्पंजाची वाटी तिनं केव्हाच फेकली होती. हलकी आहे, वर चढते म्हणून.

"काय करतेयस?" मी विचारलं.

"पिशवी. मोहरी घातली की वजन येतं. जागची हलत नाही."

"तू तर म्हणाली होतीस..."

"म्हणाले होते चिंधी भरणार नाही. जितेपणी नाहीच भरली." तिनं सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला, जमेना. "इंदूला नेलं तेव्हा बघितलं होतंत ना? लोक दर्शनाला वाकत होते आणि पदर एका बाजूला पार बसलेला. सगळ्यांना दिसत होतं. मला तसं जायचं नाही. हा दोरा कुजका आहे, तुटतोय. तुमच्या डब्यातला काढते."

मी म्हणालो, थांब, मी देतो. पण डबे पायरीवरच होते आणि तिसरा तिच्या उजव्या हाताशी. तिनं झाकण काढलं. सुतळीच्या वळकट्यांत काळं रेशीम लपत नाही. मी ते का फेकलं नव्हतं? कितीदा डबा उघडून बसलो होतो. फेकायला हात धजावला नाही.

तिनं ती छोटी वळी उलगडली. लांब एक, आखूड एक. दोन्हींना बारीक गाठ. तळहातावर शेजारी शेजारी ठेवून ती बघत राहिली.

"गाडीत," मी म्हणालो. "झाकणात अडकला होता. गळत होतं."

"हं."

"मला माहीत नव्हतं गं ते कशासाठी असतात."

"मी रिक्षात सांगत होते," ती म्हणाली. "तुम्ही त्या फॉर्मवालीला शिव्या घालत होता."

मी तिच्या पायाशी बसलो. रडायला आलं आणि मी रडलो. ती थांबली, मला रडू दिलं.

"डॉक्टरनं विचारलं तेव्हा तुमचा हात खिशाकडे गेला," ती म्हणाली. "कात्रीच्या खिशाकडे. तेव्हाच मला कळलं."

"मग तू का नाही बोललीस? तेव्हा वेळ होता, कुसुम!"

"मी वाट बघत होते, तुम्ही बोलाल म्हणून." ती शुद्ध मराठीत बोलत होती. "अंगात ताकद नव्हती आणि मला वाटलं, एवढं तर हा माणूस बोलेल. आता बोलेल, मग बोलेल. संध्याकाळपर्यंत वाट बघितली. तोवर त्या बाईंनी कापलं असणार."

"मला माफ कर."

"नाही," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मला राग आला होता आणि तो अजून आहे. तो जाईल असं वाटत होतं, गेला नाही. आता त्याला जायला वेळही नाही. सुईत दोरा ओवून द्या."

मी ओवून दिला. तिनं पिशवीच्या तिन्ही बाजू शिवल्या, मोहरी भरली, तोंड शिवलं. डावा हात चालत नव्हता, म्हणून कापड मी धरलं. मग तिनं ते काळे दोरे घेतले. आखूड दोरा पिशवीच्या वरच्या कडेला टाचला, लांब दोरा एका बाजूला. टोकं तशीच लोंबती ठेवली.

"एका अंगाला मोहरी जास्त आहे," ती म्हणाली. "उलटी लागली तर सगळं वर येईल. आखूड वर, लांब बाहेर, काखेकडे. बायका गोंधळतील. तुम्ही सांगायचं."

"सांगेन."

"टोकं कापायची नाहीत."

"नाही."

तिनं पिशवी माझ्या हातात दिली आणि उन्हात डोळे मिटून पडून राहिली. मी बाजेखाली सांडलेली मोहरी वेचत बसलो.

फाल्गुनात ती गेली. पहाटे, झोपेतच, एवढं एक बरं झालं. कांचन आदल्या दिवशीच आली होती. अंगणात शेजारची माणसं तिरडी बांधत होती. अगदी गबाळं बांधकाम, जिकडेतिकडे सुतळीची टोकं लोंबत होती. एकजण मला म्हणाला, "बाबूजी, कैंची होगी आपके पास?" मी नाही म्हणालो. कात्री खिशातच होती.

आत बायका तिला आंघोळ घालून हिरवं लुगडं नेसवत होत्या. कांचन बाहेर आली. डोळे सुजलेले, हातात मलमलीची पिशवी.

"बाबा, आईनं हे लावायला सांगितलं होतं. पण ह्याचं वरचं कुठलं, कुणालाच समजत नाहीये. आणि हे धागे लटकतायत." ती माझी मुलगी. लहानपणापासून तिलाही लोंबतं काही बघवत नाही. "काटून टाकू ना?"

"नको!" मी ओरडलो. अंगणातली सगळी माणसं वळून बघायला लागली.

"बरं, बरं. नाही काटत."

"आखूड वर," मी म्हणालो. "लांब बाहेर. काखेकडे. डाव्या काखेकडे."

कांचननं मान हलवली. दारापर्यंत गेली, वळली आणि खात्री करायला पुन्हा म्हणाली, "आखूड वर, लांब बाहेर?"

"हो," मी म्हणालो.

थोड्या वेळानं तिला बाहेर आणलं. पदर दोन्हीकडे सारखा बसला होता. मी वाकून नीट पाहून घेतलं.